कामाच्या ठिकाणी प्रथमोपचार आणि सीपीआरची उजळणी: नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या मध्यम आकाराच्या कारखान्यात सुरक्षेची किंवा मनुष्यबळ विभागाची जबाबदारी नव्याने आली, की प्रथमोपचाराच्या प्रमाणपत्रांची फाईल पहिल्या काही दिवसांतच समोर येते. सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स किंवा भारतीय रेडक्रॉस सोसायटीचे प्रमाणपत्र साधारणपणे तीन वर्षांसाठी असते आणि अमेरिकन हार्ट असोसिएशनचे कार्ड दोन वर्षांसाठी. सगळ्या तारखा मुदतीत दिसल्या की फाईल मिटवून ठेवावी असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाच्या छातीवर दाब आणि तोंडावाटे श्वास, देण्याचे कौशल्य प्रशिक्षणानंतर तीन ते सहा महिन्यांतच ओसरू लागते, हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. दाब उथळ पडतो, वेग बिघडतो, आणि सुरुवात कुठून करायची यातच मोलाची सेकंदे जातात. म्हणून दोन प्रशिक्षणांच्या मधल्या काळात हात तयार ठेवण्याची व्यवस्था कारखान्याने स्वतः उभी करावी लागते. ती कशी उभी करावी, हे येथे क्रमाने सांगितले आहे. हा लेख प्रशिक्षकासमोर बसून घेतलेल्या मूळ प्रशिक्षणाची जागा घेऊ शकत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे.

पायरी १: माणसे मोजा, पण पाळीनुसार

दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी, आणि प्रत्येक पेटीसाठी मान्यताप्राप्त प्रमाणपत्र असलेली व कामाच्या वेळात सतत उपलब्ध असणारी एक जबाबदार व्यक्ती, हे मोजमाप १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४५व्या कलमापासून आपल्याकडे रूढ आहे. पाचशेपेक्षा अधिक कामगार असतील तर रुग्णोपचार कक्षही लागतो. या मोजमापातला सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे ‘सतत उपलब्ध’ ही अट होय. प्रमाणपत्रधारकांची यादी पाहिली तर त्यांतले बहुतेक जण जनरल शिफ्टमध्ये, म्हणजे सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा या वेळेत, आणि त्यातही कार्यालयात बसणारे निघतात. रात्री अडीच वाजता धातूचा पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर असलेल्या कामगारांजवळ मग कोणीच उरत नाही.

म्हणून एका मोठ्या कागदावर आडव्या ओळींत पाळ्या आणि उभ्या रकान्यांत विभाग मांडावेत व प्रत्येक चौकटीत नाव लिहावे. जिथे चौकट रिकामी राहते तिथून कामाला सुरुवात करावी. साप्ताहिक सुट्टी आणि रजा धरता प्रत्येक पाळीत किमान दोन माणसे हवीत, आणि त्यांतला एक प्रत्यक्ष यंत्रावर काम करणारा असावा. कंत्राटी कामगार आणि फाटकावरचे सुरक्षारक्षक यांना या यादीतून वगळण्याची पद्धत सोडून द्यावी, कारण रात्रीच्या वेळी कारखान्याची सर्वाधिक माहिती बहुधा त्यांनाच असते.

पायरी २: पेटी उघडून पाहा

पेटी कुलूपबंद नसावी, तिच्यात विहित वस्तूंखेरीज काहीही नसावे, आणि दर महिन्याला कोणीतरी सही करून ती तपासावी. डोकेदुखीच्या गोळ्या, सुट्टे पैसे आणि जुन्या पावत्या यांनी भरलेली पेटी ऐनवेळी उपयोगाला येत नाही. निर्जंतुक ड्रेसिंगच्या पाकिटांवरची मुदत पाहावी, हातमोजे ताणून पाहावेत, कात्री खरोखर जाड कापड कापते का ते पाहावे. तोंडावाटे श्वास देण्यासाठीचा झडप असलेला मास्क पेटीत ठेवावा. तो नसेल तर प्रशिक्षित माणूसही श्वास द्यायला कचरतो.

पायरी ३: सीपीआरची उजळणी, सरावाच्या पुतळ्यावर आणि घाम येईपर्यंत

या पायरीला सर्वाधिक वेळ द्यावा, असे माझे ठाम मत आहे. हृदय थांबल्यानंतर सीपीआर आणि विद्युत झटका यांविना गेलेल्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. शहरातली रुग्णवाहिका कितीही तत्पर असली तरी पहिली पाच-सात मिनिटे शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याचीच असतात.

उजळणीत जुनी माहिती पुसण्याचेही काम करावे लागते. १९६० साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील कौवेनहोव्हेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती न उघडता बाहेरून दाब देण्याची पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हापासून तिचे तत्त्व तेच आहे, पण आकडे बदलत आले आहेत. ज्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी शिक्षण घेतले त्यांच्या डोक्यात १५ दाब आणि २ श्वास हे प्रमाण बसलेले असते. २००५ मध्ये ते ३० आणि २ झाले. २०१० मध्ये आधी श्वासमार्ग पाहण्याऐवजी आधी दाब सुरू करण्याचा क्रम आला, आणि २०१५ मध्ये दाबाच्या वेगाला व खोलीला वरची मर्यादाही घातली गेली. वर्गात सर्वांत अनुभवी असलेल्या माणसालाच हे बदल आवर्जून विचारावेत, कारण इतर जण त्याच्याकडे पाहून शिकत असतात.

सरावाचा क्रम असा ठेवावा. प्रथम जागा सुरक्षित आहे का ते पाहावे: यंत्र बंद आहे का, वीजप्रवाह तोडला आहे का, वायूचा वास येतो आहे का. मग दोन्ही खांद्यांवर थापट्या मारून मोठ्याने हाक द्यावी. प्रतिसाद नसेल तर समोरच्या एका विशिष्ट माणसाकडे बोट करून, त्याचे नाव घेऊन, “तू १०८ ला फोन लाव, स्पीकर चालू ठेव” असे सांगावे, आणि दुसऱ्याला “तू एईडी आण” असे (एईडी म्हणजे हृदयाला विद्युत झटका देणारे यंत्र). “कोणीतरी फोन करा” असे म्हटले तर फोन कोणीच करत नाही. त्यानंतर जास्तीत जास्त दहा सेकंद छातीकडे पाहून श्वास तपासावा. नाडी शोधत बसणे हे सामान्य प्रथमोपचारकाचे काम नाही.

येथे एक गोष्ट प्रत्येक उजळणीत पुन्हा सांगावी लागते. हृदय थांबल्यावर पहिल्या काही मिनिटांत माणूस अधूनमधून आचके देतो, घशातून घरघर येते, तोंड उघडझाप करते. पाहणाऱ्याला वाटते की श्वास चालू आहे, आणि तो थांबून राहतो. आचके म्हणजे श्वास नव्हे. प्रतिसाद नाही आणि नेहमीसारखा श्वासही नाही, एवढे दिसले की दाब सुरू करावा. सुरुवातीला हातपाय झटकले गेले म्हणून त्याला फीट समजून कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. खऱ्या फीटमध्येही या उपायांचा उपयोग नसतो. तिथे डोक्याखाली मऊ काही ठेवावे, आजूबाजूच्या वस्तू दूर कराव्यात, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये आणि झटके थांबल्यावर माणसाला कुशीवर वळवावे.

दाब देताना माणूस कडक, सपाट जमिनीवर उताणा असावा. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताचा मनगटाकडचा भाग ठेवावा, त्यावर दुसरा हात, कोपरे सरळ, खांदे बरोबर हातांच्या वर. दाबाची खोली ५ ते ६ सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला १०० ते १२०. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. दमलेला माणूस नकळत छातीवर रेलून राहतो आणि हृदयात रक्त परत भरायला जागा उरत नाही. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा, आणि बदलताना दहा सेकंदांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये. वेगासाठी मोबाईलवरचा ताल देणारा मेट्रोनोम ११० वर लावून सराव करावा. मोठ्याने मोजताना एकोणतीससारखे लांब आकडे आले की हात मंदावतो, त्यामुळे एक ते दहा असे तीनदा मोजण्याची सवय लावलेली बरी.

ज्यांनी श्वास देण्याचे प्रशिक्षण घेतले आहे आणि ज्यांच्याजवळ मास्क आहे, त्यांनी ३० दाबांनंतर २ श्वास द्यावेत. प्रत्येक श्वास सुमारे एक सेकंदाचा, छाती उचललेली दिसेल इतकाच असावा. ज्यांना हे जमत नाही त्यांनी केवळ दाब देत राहावे. भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने आलेल्या इंडियन रिससिटेशन कौन्सिलने सामान्य नागरिकांसाठी केवळ दाबांवर आधारलेली पद्धतच सुचवली आहे. मात्र वायूने गुदमरलेल्या किंवा पाण्यात बुडालेल्या माणसाच्या रक्तातला प्राणवायू आधीच संपलेला असतो, तेव्हा श्वासाचे मोल वाढते. रासायनिक कारखान्यांतील प्रथमोपचारकांनी म्हणून दोन्ही पद्धतींचा सराव ठेवावा.

दाब देताना बरगडी मोडल्याचा आवाज येऊ शकतो. हे आधीच सांगून ठेवले नाही तर माणूस घाबरून थांबतो. बरगडी जुळून येते, म्हणून हातांची जागा योग्य आहे एवढे पाहून दाब चालू ठेवावा. रुग्णवाहिकेतील पथक ताबा घेईपर्यंत, माणूस हालचाल करून श्वास घेऊ लागेपर्यंत, किंवा मदत करणाऱ्याची ताकद पूर्ण संपेपर्यंत थांबू नये. हृदय थांबलेल्या माणसाला दोघांच्या मध्ये दुचाकीवर किंवा टेम्पोत टाकून रुग्णालयाकडे धावणे ही आपल्याकडची फार जुनी आणि फार घातक घाई आहे. वाहनात दाब देता येत नाहीत. जिथे माणूस पडला तिथेच काम सुरू करावे.

महिला सहकाऱ्याला मदत करताना पुरुष संकोचतात आणि त्यामुळे स्त्रियांना सीपीआर कमी प्रमाणात मिळतो, असे परदेशांतील पाहण्यांत आढळले आहे. आपल्याकडे हा संकोच कमी असेल असे मानण्याचे कारण नाही. म्हणून सरावाच्या पुतळ्यावर कधी अ‍ॅप्रन, कधी ओढणी, कधी साडीचा पदर ठेवून तो बाजूला करून काम करण्याची सवय लावावी, आणि महिला कामगारांनाही प्रथमोपचारक म्हणून पुढे आणावे.

पायरी ४: एईडी असेल तर

एईडी हे यंत्र स्वतः बोलून सूचना देते आणि गरज नसेल तर झटका देत नाही, त्यामुळे ते वापरायला भ्यायचे कारण नाही. छाती उघडी करून घाम पुसावा. एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली आणि दुसरा डाव्या काखेखाली बरगडीच्या बाजूला लावावा. मंगळसूत्र, साखळी किंवा ताईत पॅडखाली येऊ देऊ नये. यंत्र तपासणी करत असताना आणि झटका देताना कोणीही स्पर्श करू नये, आणि झटक्यानंतर लगेच, काय झाले ते पाहत न थांबता, पुन्हा दाब सुरू करावेत. यंत्र येईपर्यंत आणि पॅड चिकटवले जात असतानाही दाब थांबवायचे नाहीत. त्यासाठी दोघांचा एकत्र सराव हवा. बॅटरीचा दिवा आणि पॅडच्या पाकिटावरची मुदत मासिक तपासणीत पाहावी. व्यवस्थापकाच्या केबिनमध्ये कुलपात ठेवलेले यंत्र रात्रपाळीला उपलब्ध नसते.

पायरी ५: आपल्या कारखान्यात काय घडू शकते, त्याचा सराव

सगळ्यांसाठी एकच पाठ्यक्रम वाचून दाखवण्यापेक्षा आपल्या कामाचे धोके निवडावेत. चाकण-भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये बोटे जातात, कोल्हापूरच्या फाउंड्रीत आणि जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये भाजते आणि उष्माघात होतो, तारापूर किंवा लोटे परशुरामच्या रासायनिक कारखान्यांत डोळ्यांत आणि अंगावर रसायन उडते.

बोट तुटले तर आधी रक्तस्राव थांबवावा: स्वच्छ कापड ठेवून जोरात थेट दाब द्यावा आणि तो सोडून वारंवार पाहू नये. हात किंवा पाय मोठ्या प्रमाणावर चिरडला असेल आणि दाबाने रक्त थांबत नसेल, तर जखमेच्या वर ५ ते ७ सेंटिमीटरवर, सांध्यावर नाही अशा जागी, रुंद टूर्निके (रक्त थांबवणारा आवळपट्टा) आवळून वेळ लिहून ठेवावी. तार किंवा सुतळी वापरू नये. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे, पिशवीचे तोंड बंद करावे आणि ती पिशवी बर्फ व पाणी असलेल्या दुसऱ्या पिशवीत ठेवावी. बोट थेट बर्फात ठेवले तर पेशी मरतात आणि ते जोडण्याची शक्यता जाते. हा सराव गाजराच्या तुकड्यावर प्रत्यक्ष करून घ्यावा. तोंडी सांगितलेले गोंधळात आठवत नाही.

भाजल्यावर नळाचे साधे वाहते पाणी २० मिनिटे सोडावे. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप किंवा बर्फ लावू नये. अंगठी, घड्याळ सूज येण्याआधी काढावे, पण कातडीला चिकटलेले कापड ओढू नये. रसायन उडाले असेल तर कपडे काढून भरपूर पाण्याने धुवत राहावे आणि आम्लावर अल्कली ओतून ते ‘मारण्याचा’ प्रयत्न करू नये. डोळ्यांसाठी किमान १५ मिनिटे धुणे आवश्यक आहे, आणि कॉस्टिक सोड्यासारखे अल्कली असेल तर रुग्णालयात पोहोचेपर्यंत धुणे थांबवू नये. ग्राइंडिंगचा कण डोळ्यांत गेल्यावर रुमालाचे टोक किंवा काडीपेटीची काडी घेऊन तो काढणारा सहकारी बहुतेक वर्कशॉपमध्ये असतो. त्याच्याशी प्रेमाने पण स्पष्टपणे बोलून ही पद्धत बंद करावी.

उष्माघातात माणूस असंबद्ध बोलू लागतो किंवा शुद्ध हरपते आणि अंग तापते. त्याला सावलीत आणून अंगावर पाणी ओतून पंखा लावावा आणि १०८ ला बोलवावे. शुद्धीत नसलेल्याला पाणी पाजू नये. घास अडकून माणसाला खोकता-बोलता येत नसेल, तर दोन्ही खांद्यांच्या मधे पाठीवर ५ जोरदार थापट्या आणि मग बेंबीच्या वर पोटावर आत-वर असे ५ झटके, आलटून पालटून द्यावेत. गरोदर स्त्रीच्या बाबतीत पोटाऐवजी छातीवर झटके द्यावेत.

टाकी, चर किंवा गटारात उतरलेला माणूस बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे कोणीही उतरू नये. अशा दुर्घटनांत वाचवायला गेलेलेच एकामागून एक मरण पावतात. या प्रसंगाच्या सरावात शिकवायची कृती म्हणजे बाहेर थांबणे, इतरांना अडवणे, हवा खेळती करणे आणि श्वसनसंच असलेल्या प्रशिक्षित पथकाला बोलावणे. शॉक लागलेल्याच्या बाबतीतही आधी मुख्य स्विच, मग स्पर्श.

पायरी ६: रुग्णवाहिका फाटकातून आत येईपर्यंतचा सराव

महाराष्ट्रात १०८ ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे आणि ११२ हा सर्व आपत्कालीन सेवांसाठीचा क्रमांक आहे. फोन करणाऱ्याला कंपनीचे नाव ठाऊक असते, पण प्लॉट क्रमांक, ब्लॉक आणि जवळची खूण सांगता येत नाही. हा मजकूर मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत प्रत्येक विभागात लावावा. मग एकदा प्रत्यक्ष घड्याळ लावून पाहावे: फाटकाजवळ उभे कंटेनर बाजूला होण्यास किती वेळ लागतो, चौकात माणूस कोण पाठवतो, स्ट्रेचर फोर्कलिफ्टच्या मार्गातून वळते का. जवळच्या कोणत्या रुग्णालयात हृदयविकाराचे, भाजल्याचे आणि हाताच्या शस्त्रक्रियेचे उपचार चोवीस तास मिळतात, हे आधीच विचारून तक्त्यावर लिहून ठेवावे.

मदत केली तर पोलिसांच्या कचाट्यात सापडू, ही भीती अनेकांना असते. रस्त्यावरील अपघातात सद्भावनेने मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४अ संरक्षण देते, आणि संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेचे कलम ३० संरक्षण देते. हे दोन्ही प्रशिक्षणात वाचून दाखवावे.

पायरी ७: वर्षाचे वेळापत्रक आणि नोंदी

४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाचे व्याख्यान, बिल्ला आणि शपथ होते, आणि अनेक ठिकाणी वर्षभराची उजळणी तिथेच संपते. त्याऐवजी दर तीन महिन्यांनी, प्रत्येक पाळीत, पाळी बदलण्याआधी पंधरा-वीस मिनिटे पुतळा थेट शॉपफ्लोअरवर आणावा. प्रत्येकाने सलग दोन मिनिटे दाब द्यावेत. खोली आणि वेग दाखवणारा पुतळा मिळाला तर उत्तम. नसेल तर एकाने मेट्रोनोम आणि दुसऱ्याने छाती पूर्ण वर येते का हे पाहावे. एक तिमाही सीपीआरसोबत रक्तस्राव, पुढची भाजणे, असे विषय फिरते ठेवावेत. हा वेळ कामाचा वेळ म्हणून धरला जावा. जेवणाच्या सुट्टीत घेतलेल्या उजळणीला माणसे येतात, पण मन लावत नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

नोंदवहीत तारीख, पाळी, उपस्थितांची नावे यांच्याबरोबर प्रत्येकाची नेमकी उणीव लिहावी, जसे “वेग १४० च्या पुढे जातो” किंवा “कोपर वाकतो”, म्हणजे पुढच्या वेळी तेवढेच तपासता येते. एखादी खरी घटना घडली तर चोवीस तासांच्या आत तिचा क्रम वेळेसह लिहून काढावा, दोष देण्यासाठी नव्हे, तर पुढचा सराव त्यावर बेतण्यासाठी. ज्यांनी सीपीआर दिला त्यांच्याशी त्याच दिवशी शांतपणे बोलावे, विशेषतः तो माणूस वाचला नसेल तर. त्यांना उरलेल्या पाळीची सुट्टी द्यावी, घरी सोडायला कोणीतरी सोबत जावे, आणि पुढचे काही दिवस त्यांची झोप व मन ठीक आहे ना हे विचारत राहावे.